भरवशाची परतफेड : मुलताईनंतरचे शासन आणि मंडळीचा उपदेश

राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात राजा आणि प्रजा यांच्यातील भरवसा कसा तुटतो याचा वृत्तान्त आला आहे. आपल्या व्यासपीठांवरून त्याचा विचार क्वचितच होतो. शलमोनाच्या मृत्यूनंतर उत्तरेकडील वंश शखेम येथे एकत्र आले. राज्य उलथून टाकावे असा त्यांचा हेतू नव्हता. मानेवरचे जू थोडे हलके व्हावे, एवढेच त्यांचे मागणे होते. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली, वृद्धांचा सल्ला ऐकला, तो टाकला, आणि आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांच्या सांगण्यावरून कठोर उत्तर दिले. त्यानंतर त्याने लोकांकडे कोणाला पाठविले, तर वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला. लोकांनी त्याला दगडांनी मारून टाकले. राजा रथात बसून यरुशलेमेस पळाला. आणि एका राज्याची दोन राज्ये झाली.

या वृत्तान्तात दोषाची वाटणी सोपी नाही. उद्दामपणा राजाचा होता. मेला तो राजाचा चाकर. आणि ज्यांची तक्रार न्याय्य होती त्यांच्याच हातात दगड होते. शास्त्रलेख यांपैकी एकही गोष्ट झाकून ठेवीत नाही. असा प्रसंग घडून गेल्यावर शासनाने लोकांचा भरवसा पुन्हा कसा मिळवावा, आणि मंडळीने त्या कामी काय बोलावे व काय बोलू नये, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. प्रश्न दूरच्या देशाचा नाही, आपल्या शेजारचाच आहे.

१. मुलताईची तहसील कचेरी

पांढुर्णा आणि सौसर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिले. बोलीने, सोयरिकीने आणि बाजारपेठेने ते नागपूरशी जोडलेले आहेत. कारभाराचा धागा मात्र भोपाळकडे जातो. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कलेक्टरची कचेरी जवळ आली, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. तथापि कचेरी जवळ येणे आणि शासन जवळचे वाटणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती असू शकते हे बैतूलच्या वाटेवरील मुलताई सांगते.

तापीचे उगमस्थान म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. १२ जानेवारी १९९८ रोजी तेथील तहसील कचेरीसमोर शेतकऱ्यांचा मोठा जमाव जमला. लागोपाठच्या हंगामांत सोयाबीनचे पीक बुडाले होते, आणि एकरी ५,००० रुपये भरपाई मिळावी अशी किसान संघर्ष समितीची मागणी होती. डॉ. सुनीलम हे तिचे नेते होते. त्या दिवशी दगडफेक झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. २४ शेतकरी प्राणास मुकले, सुमारे दीडशे जखमी झाले. त्याच गोंधळात अग्निशामक गाडीचा चालक जमावाच्या हातून मारला गेला.

पुढे काय झाले ते भरवशाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. शेकडो शेतकऱ्यांवर खटले भरले गेले आणि ते वर्षानुवर्षे चालले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुलताईच्या न्यायालयाने डॉ. सुनीलम आणि अन्य दोघे यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. नंतर उच्च न्यायालयाने डॉ. सुनीलम यांना जामीन दिला. गोळीबाराबद्दल मात्र कोणा अधिकाऱ्यास शिक्षा झाली नाही. ज्या घरांतून प्रेत निघाले त्या घरांना कायद्याचे एकच तोंड दिसले, आणि ते त्यांच्याकडे रोखलेले होते.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच वर्षाअखेर झालेल्या निवडणुकीत मुलताईच्या मतदारांनी डॉ. सुनीलम यांना विधानसभेत पाठविले, आणि २००३ मध्ये पुन्हा पाठविले. ज्यांचा तहसीलदारावरचा व ठाण्यावरचा भरवसा उडाला होता, त्यांचा मतपेटीवरचा भरवसा शाबूत होता. ‘लोकांचा शासनावर विश्वास राहिला नाही’ हे विधान आपण सरसकट करतो, ते म्हणून सदोष आहे. भरवसा एका ठिकाणी तुटतो व दुसऱ्या ठिकाणी टिकून राहतो. दुरुस्तीचे काम जेथे तो टिकला आहे तेथूनच सुरू करता येते.

२. तीन अर्धे उपाय

१९९८ हे वर्ष या विषयाच्या अभ्यासकाला विशेष आहे. जानेवारीत मुलताई घडली. फेब्रुवारीत मुंबईच्या दंगलींवरील न्या. श्रीकृष्ण आयोगाने आपला अहवाल दिला. आणि ऑक्टोबरात आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व समेट आयोगाने आपला अहवाल दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष नेल्सन मंडेला यांच्या हाती सोपविला. तुटलेला भरवसा सांधण्याचे जे उपाय राज्यकर्त्यांना सुचतात, ते भरपाई, चौकशी आणि कबुली हे तीन होत. यांतील प्रत्येक उपाय एकेकटा वापरला असता कोठे अडतो, हे पाहू.

प्रथम भरपाई. ६ जून २०१७ रोजी मध्य प्रदेशातच, मंदसौर जिल्ह्यातील पिपलिया मंडी येथे, शेतकरी आंदोलनावर गोळीबार होऊन ५ जण मृत्यू पावले. शासनाने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी १ कोटी रुपये जाहीर केले. मुलताईनंतरच्या एकोणीस वर्षांत शासनाचा हात सैल झाला, हे मान्य करावे लागेल. उपाशी घराला पैसा लागतो आणि त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या उपदेशकाला नाही. पण रकमेचा आकडा ‘गोळी का झाडली, कोणाच्या हुकुमाने झाडली’ या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. उत्तराविना दिलेली रक्कम घेणाऱ्याला गप्प राहण्याची किंमत वाटू लागते.

दुसरा उपाय चौकशीचा. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत, आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसे मेली : ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ अन्य. आयोग १९९३ च्या जानेवारीत नेमला गेला, १९९६ च्या जानेवारीत तो बरखास्त करण्यात आला, त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा जिवंत करण्यात आला. न्यायमूर्तींनी धर्म व पक्ष न पाहता दोष दाखविले, ३१ पोलिसांची नावे घेतली. ६ ऑगस्ट १९९८ रोजी अहवाल विधानसभेपुढे आला तो शासनाच्या प्रतिकूल अभिप्रायासह. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार अशा आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात, हे सामान्य माणसाला तेव्हा प्रथम समजले. पुढे दुसऱ्या पक्षांची सरकारे आली, तरी अहवालातील बहुतांश गोष्टी कपाटातच राहिल्या. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा नोंदलेल्या १६८ बेपत्ता व्यक्तींपैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाई मिळाली नव्हती. एकोणतीस वर्षांनंतर त्यांचा शोध घेण्याचा आदेश द्यावा लागला. सत्य सापडले, छापले गेले, आणि त्याचे पुढे काही झाले नाही. सत्य न सापडण्यापेक्षा ही स्थिती भरवशाला अधिक घातक आहे. कारण आता शासनाला माहीत नव्हते असेही म्हणता येत नाही.

तिसरा उपाय कबुलीचा. दक्षिण आफ्रिकेतील आयोगापुढे २१,००० हून अधिक पीडितांनी जबान्या दिल्या. ज्याने राजकीय हेतूने केलेल्या अपराधाची संपूर्ण व उघड कबुली दिली, त्याला माफी मिळण्याची तरतूद होती. सात हजारांवर अर्ज आले. बहुतेक नाकारले गेले. जगाने या आयोगाची वाखाणणी केली, आणि ख्रिस्ती माणसाला तिचा अभिमान वाटणे साहजिक आहे, कारण पापांगीकार व क्षमा यांची भाषा तेथे राज्यकारभारात आली. परंतु पीडितांना सहा वर्षे दरसाल ठराविक रक्कम द्यावी, ही आयोगाची शिफारस शासनाने मानली नाही. २००३ मध्ये प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देण्याचे ठरले. ज्यांनी माफी मागितलीच नाही त्यांच्यावर खटले होतील असे वचन होते. ते फारच थोड्यांवर झाले. पीडितांनी क्षमेचा आपला वाटा उचलला. राज्याने न्यायाचा आपला वाटा उचलला नाही.

मंदसौरला दाम मिळाले, मुंबईला वृत्तान्त मिळाला, आफ्रिकेला कबुली मिळाली. मुलताईला यांतले पुरेसे काहीच मिळाले नाही. यावरून आमचे म्हणणे असे की हे उपाय एकमेकांचे पर्याय नव्हेत. एक दिला म्हणून दुसरा चुकवता येत नाही.

३. रोमकरांस पत्राचा अपुरा पाठ

आता आपल्या स्वतःच्या उपदेशाकडे वळू. अशांततेच्या काळात व्यासपीठावरून जो शास्त्रपाठ वाचला जातो, तो बहुधा रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा असतो. त्याचा अर्थ असा लावला जातो की ख्रिस्ती माणसाने शासनावर विश्वास ठेवावा. अध्याय नीट वाचला तर पौल तेथे तसे म्हणतच नाही. अधिकाऱ्याच्या अधीन असावे, कर द्यावा, महसूल द्यावा, धाक व मान द्यावा, एवढ्या गोष्टी तो सांगतो. विश्वास हा शब्द त्याने देवासाठी राखून ठेवला आहे. स्तोत्रसंहितेतील एकशे शेहेचाळिसावे स्तोत्र तर अधिपतींवर भिस्त ठेवण्याविरुद्ध स्पष्ट इशारा देते. तेव्हा अधीनता हे ख्रिस्ती नागरिकाचे कर्तव्य आहे; भरवसा हे कर्तव्य नव्हे. तो शासनाच्या वर्तनातून उपजतो. जे लोकांनी द्यावे असा आदेश देवानेच दिलेला नाही, ते देवाच्या नावाने मागण्याचा अधिकार उपदेशकाला कोठून येणार?

ज्याने हे पत्र लिहिले त्याचे वर्तनही पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल व सीला यांना फिलिप्पै येथे चौकशीविना छड्यांचा मार मिळाला आणि तुरुंगात टाकले गेले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी निरोप पाठविला की त्यांना सोडून द्या. प्रकरण तेथे मिटू शकत होते. पौल गुपचूप निघून गेला असता तर त्याला क्षमाशील म्हणून गौरवणारे आपल्यांतही पुष्कळ निघाले असते. त्याने नकार दिला. आम्हां रोमी नागरिकांना उघड मारले, आता चोरून घालवता काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे, असा त्याचा आग्रह होता. अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली, आणि मगच पौल निघाला. त्याने सूड मागितला नाही, दाम मागितले नाही. जे चारचौघांत झाले त्याचे निराकरण चारचौघांत व्हावे, एवढेच मागितले. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय या प्रसंगाच्या सोबतीने वाचला तरच त्याचा तोल राहतो.

४. नहेम्याचा कित्ता

फिलिप्पैत उघड कबुलीचे तत्त्व दिसते. पुढची पायरी नहेम्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. तेथील परिस्थिती मुलताईच्या शेतकऱ्याला परकी वाटू नये. दुष्काळ पडला आहे, शेते व द्राक्षमळे धान्यासाठी गहाण पडले आहेत, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले आहे, मुलेमुली दास्यात गेली आहेत. लोकांचा आक्रोश ऐकून नहेम्या संतापतो, मनाशी विचार करतो, आणि मोठी सभा भरवतो. या सभेत तो जे करतो त्याचे चार भाग पडतात. सरदारांचा व अधिकाऱ्यांचा दोष तो सर्वांसमक्ष सांगतो. मी व माझे भाऊबंदही कर्जाऊ देत आलो आहोत, हे तो झाकत नाही. शेते, घरे आणि शेकडा घेतलेले व्याज त्याच दिवशी परत करण्यास सांगतो. शेवटी याजकांना बोलावून शपथ घेववतो आणि वचन मोडणाऱ्याचे काय होईल ते आपला ओटा झटकून दाखवतो. अध्यायाच्या अखेरीस आपल्याला समजते की बारा वर्षे तो सुभेदार होता, पण सुभेदाराचा भत्ता त्याने घेतला नाही.

येथे कबुली, परतफेड आणि हमी एकाच सभेत आहेत. वर उल्लेखिलेल्या प्रत्येक उपायात यांपैकी काहीतरी गळले. विशेषतः हमीचा, म्हणजे शासनाने आपल्याच शब्दाने बांधून घेण्याचा भाग आपल्याकडे फार दुर्बळ आहे. त्याचे उदाहरण पाहण्यास पांढुर्ण्याबाहेर जावे लागत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार सर्वांना ठाऊक आहे. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, दोन्ही काठांवरून गोटे सुटतात, दरसाल शेकडो जखमी होतात, कित्येकदा मृत्यूही झाले आहेत. ज्या शेजाऱ्यांची ही परंपरा आहे त्यांच्या श्रद्धेचे परीक्षण हा येथे आमचा विषय नाही. दिवस मावळल्यावर झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो आणि दोन्ही काठांचे व्यवहार पूर्ववत चालतात, हेही नमूद केले पाहिजे. आमचे लक्ष शासनाकडे आहे. जमावबंदीचा आदेश निघतो, आणि त्याच दिवसासाठी रुग्णवाहिका, डॉक्टर व औषधोपचाराचे तंबू यांचीही व्यवस्था होते. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाहीत. १९७८ आणि १९८७ साली येथे पोलीस गोळीबारही झाला. म्हणजे आदेश काढणारालाच तो पाळला जाईल असे वाटत नाही. बहुतेक वर्षे तो नुसता पाहत उभा राहतो, आणि एखाद्या वर्षी बंदूक उचलतो. डॉक्टर ठेवू नयेत असे कोण म्हणेल? परंतु शासनाचा शब्द केव्हा खरा आणि केव्हा उपचारापुरता, हे नागरिकाला कळेनासे झाले की मोठ्या संकटात दिलेल्या शब्दालाही तो तेवढीच किंमत देतो. भरवसा जसा एका गोळीबाराने तुटतो, तसा अशा पाळावयाच्या नसलेल्या आदेशांनी दरसाल झिजतो.

५. आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की जुन्या जखमा उकरून काय मिळणार. काळाने माणसे विसरतात. विसरतात हे खरे नाही. मुलताईच्या मृतांचे स्मरण दरवर्षी १२ जानेवारीस केले जाते. जे विसरले जात नाही त्याविषयी शासनाने गप्प राहिले, तर त्याची कथा दुसरे कोणीतरी सांगते, आणि दर खेपेस तीत थोडा अधिक कडवटपणा येतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. कबुली केवळ शासनाकडून मागावी काय? त्या दिवशी अग्निशामक गाडीचा चालक मेला, तोही कोणाच्या तरी हुकुमाने तेथे आलेला कष्टकरी माणूस होता. अदोरामाप्रमाणे त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या निर्णयाचा राग आला. शेतकऱ्यांचे दुःख मोठे म्हणून त्याच्या घराचे दुःख लहान होत नाही. आम्ही हा आक्षेप मान्य करतो, आणि पुढे असे म्हणतो की जमावाकडून कबुली यावी यासाठीच शासनाने प्रथम बोलणे आवश्यक आहे. ज्याच्याकडे बंदूक, तुरुंग व दप्तर आहे, त्याने मौन पाळावे आणि निःशस्त्राने आधी अपराध कबूल करावा, ही अपेक्षा व्यवहारात कधी सफल होत नाही. नहेम्याने कर्जदारांकडून नव्हे, स्वतःपासून व सरदारांपासून सुरुवात केली.

६. सेवकवर्गाचे काम

आपल्या सातपुड्यातील मंडळ्या संख्येने अल्प आहेत. शासनाला सल्ला देण्याइतका त्यांचा आवाज मोठा नाही. म्हणून आपल्या आवाक्यातील चार गोष्टी सुचवितो.

अशा प्रसंगानंतर पीडित घरी गेलेल्या पाळकाने पहिल्या भेटीत क्षमेचा पाठ वाचू नये. क्षमा ही पीडिताने देण्याची गोष्ट आहे. ती आपण त्याच्या वतीने शासनाला देऊन टाकू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस मौन बसले तोवरच त्यांचे वागणे शहाणपणाचे होते.

दुसरे, धर्मशिक्षकाला लिहितावाचता येते, याचा उपयोग व्हावा. शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांतील फिर्यादीची नक्कल, भरपाईचा अर्ज, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालील विचारणा, या कागदांवाचून विधवेचे म्हणणे कचेरीत उभेच राहत नाही. अन्यायी न्यायाधीशाकडे वारंवार जाणाऱ्या विधवेच्या दाखल्यावर आपण पुष्कळ प्रवचने केली. तिच्याबरोबर कचेरीपर्यंत चालत जाणे हे त्या दाखल्याचे उत्तम विवरण होईल. आणि हे साहाय्य मंडळीच्या सभासदांपुरते राखू नये.

तिसरे, मध्यस्थीच्या प्रार्थनेत अधिकाऱ्यांचे नाव आपण घेतो, ते चालू ठेवावे. त्याबरोबर त्यांच्या हातून मेलेल्यांचे व त्यांच्या सेवेत मेलेल्यांचेही स्मरण व्हावे. मुलताईचे चोवीस शेतकरी आणि तो चालक यांचे स्मरण एकाच प्रार्थनेत करता आले, तर दोषाची वाटणी न लपवता दुःख एकत्र कसे धरावे हे मंडळीला शिकवता येईल.

चौथे, स्वतःच्या घराविषयी. ज्या मंडळीचा जमाखर्च सभासदांपुढे ठेवला जात नाही, जिच्या जागेचे व्यवहार बंद दाराआड ठरतात, तिच्या व्यासपीठावरून शासनाला उघड कारभाराचा उपदेश शोभत नाही. जक्कयाने लोकांसमक्ष उभे राहून चौपट परत करण्याचे वचन दिले, आणि त्याच्या घराला तारण मिळाल्याचे प्रभूने त्या वचनानंतर जाहीर केले. हा क्रम मंडळीने आधी स्वतःला लावावा.

रहबामाला वृद्धांनी दिलेला सल्ला थोडक्यात असा होता की राजाने आज लोकांचा सेवक व्हावे, म्हणजे लोक सदैव त्याचे राहतील. तो सल्ला त्याने नाकारला, आणि नंतर त्याच्या घराण्याला तशी संधी मिळाली नाही. नव्या पांढुर्णा जिल्ह्याच्या कारभाराचा आरंभ होऊन अजून फार काळ लोटलेला नाही. तेथील अधिकाऱ्यांशी बोलण्याचा प्रसंग आपल्यांपैकी ज्यांना येईल, त्यांनी आदरपूर्वक एवढे सांगावे : लोकांकडे भरवसा मागू नका, जो शब्द पाळता येईल तेवढाच द्या, दिलेला पाळा, आणि चूक झाली तर ज्या चौकात झाली त्याच चौकात उभे राहून ती सांगा.